झाकणाची आतली बाजू

पाचमिनिटे हे काही त्याचं आडनाव नव्हतं, लोकांनी कौतुकानं ठेवलेलं नाव होतं. कुणाचा एसी बंद पडला की तो स्कूटरवरून यायचा, दोन-दोन पायऱ्या ओलांडत जिना चढायचा, "पाच मिनिटं द्या फक्त" म्हणायचा, आणि खरोखरच पाच मिनिटांत मशीन घुरघुरायला लागायचं. घाम पुसत बसलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं? त्यानं नेमकं केलं काय, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे, आणि सांगायच्या भानगडीत तो पडत नसे.

या माणसाचा सूड घ्यायचा म्हणून टेस्टरताई सात वर्षं तळमळत होती. आणि त्यातली जवळजवळ सातही वर्षं तो कोण हेच तिला ठाऊक नव्हतं. नाव नाही, चेहरा नाही, पत्ता नाही. तिच्यापाशी होती फक्त एक हिरवी तार आणि त्या तारेला घातलेली घडी.

टेस्टरताई एसी दुरुस्त करायची. वय चाळिशीच्या पुढे, आवाज करडा, आणि केसांच्या गाठीत पेन्सिल खोचावी तसा कायम एक टेस्टर खोचलेला, म्हणून हे नाव. रस्त्याला लागून एका शटरचं दुकान, वर दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत ती आणि तिचा थोरला भाऊ. दुकान मुळात दादाचंच. काम तिला शिकवलं तेही त्यानंच, आणि शिकवताना तिचं डोकं पार उठवलं. स्विच नुसता खाली करून भागत नाही, त्याला कुलूप लावायचं. किल्ली आपल्या खिशात. ज्यानं कुलूप लावलं त्यानंच ते काढायचं, तेही काम संपल्यावर. कुलूप लावलं तरी विश्वास ठेवायचा नाही, टेस्टर लावून बघायचं. मशीनमधला गॅस हवेत सोडायचा नाही, ओढून बाटलीत घ्यायचा. नवा भरायचा तो काट्यावर तोलून, अंदाजपंचे नाही. आणि हिरव्या तारेला, म्हणजे अर्थिंगच्या तारेला, हात लावायचा तो फक्त तिचा स्क्रू घट्ट करायला.

सगळं झालं की दादा कानामागची पेन्सिल काढायचा आणि मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहायचा. तारीख, गॅस कुठला, वजन किती, काय दुरुस्त केलं, आणि खाली सही. अक्षर शाळामास्तरासारखं. शाई उन्हात उडते म्हणून पेन्सिल.

"कुणाला लिहितोस एवढी प्रेमपत्रं?" ती चिडवायची.

"माझ्यानंतर जो हे झाकण उघडेल त्याला," दादा म्हणायचा. "तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही. मी आत काय करून ठेवलंय ते त्याला दुसरं कोण सांगणार?"

त्याच्यासाठी मात्र कुणीच लिहून ठेवलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी दादा एका घरी गेला. मागच्या बाजूला काचा लावून बंद केलेली गॅलरी, त्यात जमिनीवर ठेवलेलं बाहेरचं युनिट. पाटीवर गॅसचं नाव होतं; जुना, न पेटणारा गॅस. दादानं झाकण उघडून आत पाहिलं. आतली बाजू कोरी. म्हणजे कुणी काही बदललेलं नाही, पाटीवर आहे तोच गॅस आत आहे, असं त्यानं धरलं. कुणीही धरलं असतं. त्या गॅससाठी जे जे करायचं ते सगळं त्यानं केलं. गॅस ओढून घेणारं मशीन जोडलं, बाटली काट्यावर ठेवली, आणि मशीनचं बटण दाबलं.

आत भलताच गॅस होता. कुणीतरी जुना संपल्यावर पेटणारा गॅस भरून ठेवला होता. त्या गॅसमध्ये तसं वाईट काही नाही. जी मशीनं त्याच्यासाठी बनवलेली असतात, ज्यांच्यावर ज्वाळेची खूण चिकटवलेली असते, त्यांत तो सुखानं नांदतो. पण ते मशीन त्याच्यासाठी बनवलेलं नव्हतं आणि खूणही नव्हती. दादाला ठाऊक असतं तर त्यानं आधी काचा उघडल्या असत्या, हवा खेळती केली असती, ठिणगी न उडवणारं वेगळं मशीन आणलं असतं. नळीच्या तोंडाशी थोडा गॅस निसटला, हवेपेक्षा जड म्हणून फरशीवर साचला, आणि बटणाच्या ठिणगीनं भडकला. दादाचे दोन्ही हात गेले. म्हणजे आहेत, पण बोटं मिटत नाहीत. गळा भाजला, आवाज बसला तो बसलाच.

चौकशी झाली. चौकशीला आलेल्या साहेबानं कागदावर लिहिलं, मिस्त्रीच्या निष्काळजीपणामुळे मशीनमधल्या तेलानं पेट घेतला. गॅस जळून गेला होता, तो कोणता होता हे विचारायला जागाच उरली नव्हती. दादाचा परवाना गेला. ज्या लोकांच्या मशीनांत त्यानं वीस वर्षं अक्षरं कोरली होती, ते म्हणाले, "काय हो, एवढा जाणता माणूस आणि असा कसा धसमुसळेपणा केला?" हे ऐकून टेस्टरताईच्या डोक्यात तिडीक गेली. ती आजतागायत उतरलेली नाही.

दादानं मात्र भांडण केलं नाही. तो खिडकीपाशी बसायला लागला. कधीतरी मध्येच तो घोगऱ्या आवाजात विचारायचा, "माझं चुकलं काय, ते सांग."

"तुझं काही चुकलं नाही."

"मग भडका कसा उडाला?"

याचं उत्तर तिला ठाऊक होतं, पण दाखवता येत नव्हतं.

भडक्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्या गॅलरीत गेली होती. मशीन अर्धं जळलं होतं, पण जिथं तारा जोडतात तो कोपरा वाचला होता. तिथं हिरवी तार स्क्रूमधून सोडवलेली होती. नुसती सोडवलेली नाही. तिची तीन पदरी घडी घातलेली, पकडीनं दाबून औषधाच्या पुडीसारखी चपटी केलेली, आणि वर काळी टेप. हे काम दादाचं नव्हतं. दादानं हिरवी तार अशी पाहिली असती तर घर डोक्यावर घेतलं असतं, पण त्या कोपऱ्यापर्यंत तो पोचलाच नव्हता. घरमालक म्हणाला, "गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी येऊन गॅस भरून गेलं. सारखा मेन स्विच पडत होता, तेही त्यानंच बंद केलं. नाव कोण विचारतंय? चटकन आला आणि गेला."

तिनं ती घडी कापून डबीत घातली. मशीनचं काळं पडलेलं झाकणही स्क्रू काढून घरी आणलं आणि पलंगाखाली सारलं. त्या दिवसापासून कुठलंही मशीन उघडलं की टेस्टरताई आधी हिरवी तार बघायची. सात वर्षं, शेकडो मशीनं. कुठं तार तुटलेली, कुठं गंजलेली, कुठं मुळात घातलेलीच नाही. घडी कुठं दिसली नाही. लोकांना वाटायचं, बाई किती काळजीवाहू. काळजी कसली, ती सावज शोधत होती.

मग एका गुरुवारी एका सोसायटीतून फोन आला. सोसायटीच्या सेक्रेटरी काकूंचाच. काकू तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि साठ घरांचा कारभार एका डायरीवर आणि एका भुवईवर चालवायच्या.

"अगं, माझं मशीन चिमटे काढतं," काकू म्हणाल्या. "झाडांना पाणी घालताना कोपर लागलं की झिणझिण होतं. आमच्या नेहमीच्या माणसाला सांगितलं तर म्हणतो, काकू, करंट मशीनमध्ये नाही, तुमच्या अंगात आहे. मी हसले खरी, पण काल हात चांगलाच झटकला गेला."

टेस्टरताई गॅलरीत गेली. कुंड्यांच्या रांगेला लागून जमिनीवर बाहेरचं युनिट, शेजारी पाण्याची झारी, फरशी ओली. मशीन बंद होतं. तिनं केसांतला टेस्टर काढून पत्र्याला टेकवला. दिवा लख्ख पेटला. मीटर लावला, तर पत्र्यात जवळजवळ पुरा करंट. मशीन बंद असून.

"काकू, मागं व्हा," ती म्हणाली. "चप्पल घाला. झारीला हात लावू नका."

आत जाऊन तिनं स्विचांचा डबा उघडला. करंट गळायला लागला की आपोआप पडून जीव वाचवणारा जो स्विच असतो, त्याला कुणीतरी बाहेरून तारेचा तुकडा जोडून मुका करून ठेवलं होतं. तिनं मशीनचा स्विच खाली पाडला, त्याला आपलं लाल कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. परत येऊन टेस्टर टेकवला. दिवा पेटला नाही. मग तिनं झाकण उघडलं.

आत येणाऱ्या तारेचं प्लॅस्टिक पत्र्याच्या काठाला घासून निघालं होतं. त्यामुळे मशीन बंद असो की चालू, स्विच वर असला की पत्रा जिवंत. तार बदलायला तासभर लागला असता. त्याऐवजी कुणीतरी स्विच मुका करण्याची युक्ती केली होती, आणि हिरवी तार सोडवली होती. तीन पदरी घडी, पकडीनं चपटी केलेली, वर काळी टेप.

टेस्टरताईनं ते तीन पदर बोटानं मोजले आणि परत मोजले.

गॅस कुठला ते ओळखणारं छोटं यंत्र तिच्या पिशवीत नेहमी असायचं. तिनं काचा पूर्ण उघडल्या आणि लावून बघितलं. पाटीवर न पेटणाऱ्या गॅसचं नाव, आत पेटणारा गॅस. झाकणाची आतली बाजू कोरी.

"काकू," तिनं विचारलं, "तुमच्याकडे नेहमी कोण येतं?"

"पाचमिनिटे. दुसरं कोण? बारा वर्षांत याच्याशिवाय कुणी झाकण उघडलेलं नाही. का गं? तू अशी पांढरीफटक का पडलीस?"

तिनं काकूंना सगळं सांगितलं. मशीनचं, आणि दादाचंही. काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आत्ता बोलावते त्याला," त्या म्हणाल्या.

"बोलावलंत तर तो येईल, पाच मिनिटांत तार जोडून टाकेल, आणि हसत निघून जाईल. मग माझ्या हातात काय राहील?"

रविवारी सकाळी काकूंच्याच घरी सोसायटीची बैठक होती. साठही घरांचे एसी वर्षभर कुणी सांभाळायचे हे ठरवायला पाचमिनिटे येणार होता. टेस्टरताई म्हणाली, "तोवर मशीन असंच राहू द्या. कुलूप मी काढेन तेव्हाच निघेल. तीन दिवस उकडेल."

"उकडू दे," काकू म्हणाल्या. "मी काही बर्फाची नाही."

घरी आल्यावर तिनं दादाला सांगितलं. तिला वाटलं होतं, त्याला आनंद होईल. दादाच्या कपाळाला आठी पडली.

"जागच्या जागी दुरुस्त करून टाकायचं होतंस," तो म्हणाला. "बिघडलेलं मशीन तसंच सोडून येतात का?"

"सोडून नाही आले. कुलूप घातलंय. दादा, सात वर्षं थांबलेय मी. त्याला पाणी पाजल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

"किल्ली कुठाय?"

"खिशात."

"कुणाला देऊ नकोस." तो थांबला. मग म्हणाला, "स्वतःलाही देऊ नकोस."

तो तिला लहानपणापासून ओळखत होता. येताना बसमध्ये तिच्या मनात जे आलं होतं ते त्यानं नेमकं पकडलं होतं.

रविवारी ती तासभर आधीच काकूंकडे पोचली. जळकं झाकण जुन्या चादरीत गुंडाळून आणलं होतं. काकू स्वयंपाकघरात चहाचे कप मांडत होत्या. टेस्टरताई स्विचांच्या डब्यासमोर उभी राहिली, खिशातून किल्ली काढली, कुलपात घातली आणि फिरवली. कुलूप उघडलं.

नुसता स्विच वर करायचा. एवढंच. तो येईल, आपल्या सवयीनं मशीनला थाप मारून म्हणेल, 'काही होत नाही हो.' आणि होईल. हात त्यानंच लावला, मशीन त्यानंच तसं केलं, स्विच मुका करणारी तारही त्याचीच. तिच्याकडे कोण बोट दाखवणार? दादाच्या न मिटणाऱ्या बोटांचा हिशेब एका क्षणात चुकता. तिला त्याची दया अजिबात आली नाही. उलट तोंडात चव आल्यासारखं वाटलं. बोट स्विचवर गेलं.

तेवढ्यात पाठीमागून काकू झारी भरून घेऊन गॅलरीकडे निघाल्या, अनवाणी. "दोन मिनिटांत पाणी घालून येते. माणसं यायच्या आत."

टेस्टरताईनं कुलूप परत अडकवलं आणि खटकन दाबलं. मग टेस्टर घेऊन काकूंच्या मागं गेली आणि कुलूप असूनही पत्र्याला टेकवून पाहिला. दिवा पेटला नाही. स्वतःचाच तिला इतका राग आला की टेस्टर परत केसांत खोचताना तो डोक्याला टोचला.

दहा वाजता कमिटीची अकरा माणसं जमली. पाचमिनिटे सगळ्यात शेवटी आला, इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा, कुणाच्या पाठीवर थाप, कुणाच्या गुडघेदुखीची चौकशी. बोलायला उभा राहिला तो लोणी लावल्यासारखा. त्याच्या कामाचं कुणाला काही सांगायला नको, साठ घरं म्हणजे साठ नातेवाईक, वगैरे. टेस्टरताईकडे बघून तो म्हणाला, "ताईही चांगलं काम करतात असं ऐकलंय. थोडा वेळ जास्त लावतात, एवढंच." सगळे हसले. टेस्टरताईही हसली. बघणाऱ्याला ते हसू आवडलं नसतं.

"आता ताई बोलतील," काकू म्हणाल्या.

"मला बोलता येत नाही," टेस्टरताई म्हणाली. "गॅलरीत चला सगळे. एकच गोष्ट दाखवायची आहे."

अकरा माणसं कुंड्यांच्या कडेनं दाटीवाटीनं उभी राहिली. फरशी सकाळच्या पाण्यानं अजून ओली होती. मशीन गप्प होतं. स्विचांचा डबा आत होता, त्याचं दार लावलेलं.

"हे काकूंचं मशीन," ती म्हणाली. "बारा वर्षं यांच्या हाताखाली आहे. बरोबर ना?"

"बारा वर्षं," पाचमिनिटे म्हणाला. "एक तक्रार नाही."

"काकू म्हणतात, चिमटे काढतं."

"अहो, कोरड्या हवेत होतं असं कधीकधी. काही नसतं. मी सांगितलंय काकूंना."

"मग लावा हात."

"काय?"

"मशीनला हात लावा. तळवा पूर्ण टेकवा. नंतर मी एक शब्द बोलणार नाही. साठही घरं तुमची."

पाचमिनिटे हसला. सगळ्यांकडे बघून हसला. मग पत्र्याकडे बघितलं, आणि हसू ओठांवरच वाळलं. आपल्या पायांखालची ओली फरशी त्यानं पाहिली. एक पाऊल मागं सरकला.

"हा काय पोरखेळ लावलाय?"

"तुमचंच काम आहे," टेस्टरताई म्हणाली. "स्वतःच्या कामाला हात लावायला काय हरकत?"

"माझ्या हाताला जरा लागलंय."

"दुसरा लावा."

या क्षणी तो दोन गोष्टी करू शकला असता, आणि दोन्हींनी सुटला असता. आत जाऊन स्विच बघितला असता तर कुलूप दिसलं असतं. नाहीतर टेस्टर पत्र्याला टेकवला असता, तर दिवा पेटला नसता, आणि छाती काढून हात ठेवता आला असता. पण स्विच बघायची त्याला सवय नव्हती, आणि टेस्टर तर तो बाळगतच नव्हता. टेस्टर लावायला वेळ लागतो. त्याला ठाऊक होतं फक्त एवढंच, की आत आपण काय करून ठेवलंय.

कपाळावरून घाम ओघळून त्याच्या इस्त्रीच्या कॉलरवर पडला. काकूंनी भुवई उचलली. "लावा की हो," त्या म्हणाल्या. "मी रोज पाणी घालते इथं. मला झिणझिण होतं म्हटलं तेव्हा तुम्ही हसत होतात."

"नाही लावणार," पाचमिनिटे म्हणाला. आवाज चिरकला. "मरायचं आहे का मला?"

हे तो बोलून गेला आणि मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. अकरा माणसांना आधीच कळलं होतं.

टेस्टरताई पुढे झाली आणि तिनं आपला तळवा पत्र्यावर टेकवला. एक बाई किंचाळली. टेस्टरताईनं दुसरा तळवाही टेकवला, तशीच उभी राहिली, आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग खिशातून किल्ली काढून सगळ्यांसमोर धरली.

"गुरुवारपासून कुलूप आहे याला. करंटचा थेंब नाही आत. तुम्ही बंद मशीनला घाबरलात."

ती आयुष्यभर विसरणार नाही असा त्याचा चेहरा झाला. हाच चेहरा पाहायला ती सात वर्षं जगली होती, आणि आता तो समोर होता तरी तिचं समाधान होईना. तिनं झाकण उघडलं, चपटी घडी सगळ्यांना दाखवली. मग डबीतली जळकी घडी काढून तिच्या शेजारी धरली. तीन पदर, तीन पदर. मग चादर सोडली आणि काळं पडलेलं झाकण कुंडीला टेकवून उभं केलं.

"हे ओळखता?"

तो ओळखत होता. लपवायला आता जागा नव्हती, म्हणून तो भांडायला उठला. "मुद्दाम केलं का मी? तेव्हा सगळेच भरत होते तो गॅस. छान गार करतो, सहज मिळतो. तुमच्या भावाचं झालं ते वाईट झालं, पण मला काय स्वप्न पडणार होतं तो येणार म्हणून?"

"भरलात ते भरलात," टेस्टरताई म्हणाली. आवाज पहिल्यांदा फुटला. "लिहायला काय झालं होतं? दोन शब्द. पेन्सिल नव्हती? माझा दादा आत बघत होता. उघडून बघत होता, कुणी काही लिहिलंय का म्हणून."

पाचमिनिटे दाराकडे वळला. दारात काकू उभ्या होत्या. देहानं किरकोळ, पण तिथून हलायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. "बसा," त्या म्हणाल्या.

टेस्टरताईनं दादाची पेन्सिल काढली. बोटभर उरली होती, सात वर्षांत तिला कुणी टोक केलं नव्हतं. कालच केलं होतं. जळक्या झाकणाच्या आतल्या बाजूची काजळी तिनं ओल्या फडक्यानं एवढीशी पुसली, आणि पेन्सिल त्याच्यापुढे धरली.

"तेव्हा लिहायचं राहिलं ते आता लिहा."

तो ओल्या फरशीवर गुडघे टेकून लिहायला लागला. अकरा माणसं वरून बघत होती, कुणी त्याला स्टूलही दिलं नाही. गॅसचं नाव लिहिलं. कोणत्या उन्हाळ्यात भरला ते लिहिलं. हिरवी तार मी सोडवली, असंही लिहिलं. खाली सही केली. त्याखाली काकूंनी सेक्रेटरी म्हणून सही केली, आणि तारीख टाकली. ज्या कचेरीनं दादाचा परवाना काढून घेतला होता, तिथं हा जळका पत्रा सोमवारी काकू स्वतः घेऊन जाणार होत्या.

तो गेल्यावर टेस्टरताईनं गॅस बाटलीत ओढून घेतला, काचा उघड्या ठेवून, त्या गॅससाठीच्या वेगळ्या मशीननं. तार बदलली. हिरवी तार सरळ करून स्क्रूखाली घट्ट केली. मुका केलेला स्विच बोलता केला. पाटीवरचाच गॅस तोलून भरला. आत पेन्सिलीनं सगळं लिहिलं, आणि मगच कुलूप काढलं. दुपार कलली होती. काकूंनी सकाळचा चहा परत गरम करून दिला.

घरी दादा खिडकीशीच होता. तिनं काकूंकडून एका रात्रीपुरता मागून आणलेला पत्रा त्याच्या मांडीवर ठेवला. दादानं चष्मा मागितला. ताठ बोटानं एकेका ओळीखाली रेघ ओढल्यासारखं करत त्यानं पहिल्यापासून वाचलं. सही वाचली. परत वर गेला आणि परत वाचलं. तिला वाटलं तो रडेल, आणि मग तीही रडेल, आणि सात वर्षांचं काय ते एकदाचं होऊन जाईल.

"वजन लिहिलेलं नाही," दादा म्हणाला.

"काय?"

"गॅस कुठला ते लिहिलंय, तारीख आहे, सही आहे. किती भरला होता ते कुठाय?" सात वर्षांपूर्वीचा, डोकं उठवणारा आवाज, फक्त घोगरा. "अर्धवट लिहिलंय. परत पाठव त्याच्याकडे."

"उद्या जाते."

"उद्या कशाला?" दादानं पत्रा तिच्यापुढे सरकवला. "पाच मिनिटांचं तर काम आहे."